जंतूंचे ऋण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी शाळेत आयुष्य वेचलेला मॅट्रिक शिक्षक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा पुढील ज्ञान शास्त्रज्ञांचे आहे. ते सोपे करून सांगण्याची सवय तेवढी माझी.

जंतू म्हटले की पटकी, विषमज्वर, क्षय हीच नावे आपणांस आठवतात. परंतु दुधाचे दही करणारेही जंतूच होत. ही कामे ते एन्झाइम नावाच्या द्रव्यांकरवी करतात. जशी एका कुलपाची एक किल्ली, तसे एक एन्झाइम ठराविक पदार्थाचीच मोडणी करते. असेच एक एन्झाइम, अ‍ॅस्परॅजिनेज, आज रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते.

त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. 1953 साली अमेरिकेत जॉन किड यांना असे आढळले की, गिनीपिगच्या रक्तातील द्रव टोचल्यास उंदरांच्या अंगातील कर्करोगाच्या काही गाठी विरतात. हा प्रभाव अ‍ॅस्परॅजिनेजचा आहे, हे पुढे ब्रूम यांनी 1961 साली दाखविले. पण गिनीपिगच्या एवढ्याशा रक्तातून औषध ते किती निघणार? 1964 साली मॅशबर्न आणि रिस्टन यांनी माणसाच्या आतड्यात वसणाऱ्या ई. कोलाय जंतूपासून तेच काम करणारे एन्झाइम मिळविले. ज्यांना ते सोसत नाही, त्यांच्यासाठी वनस्पती कुजविणाऱ्या एर्विनिया जंतूचे एन्झाइम उपयोगी पडते.

हे औषध मारते कसे? आपल्या शतावरीच्या कुळातील एका भाजीच्या रसातून 1806 साली फ्रान्समध्ये अ‍ॅस्परॅजिन हा पदार्थ प्रथम वेगळा काढला गेला. पेशींना तो लागतोच. निरोगी पेशी तो स्वतः तयार करतात; या कर्करोगाच्या पेशींना बहुधा तो पुरेसा करता येत नाही, म्हणून त्या रक्तातून घेतात. एन्झाइम रक्तातील अ‍ॅस्परॅजिनच मोडून टाकते. खाणावळ बंद झाली तर घरी चूल असलेला जेवतो. खाणावळीवर जगणारा मात्र उपाशी मरतो. तसेच हे.

तथापि हे रामबाण औषध नव्हे. लहान मुलांत अधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर त्याचा मुख्य उपयोग आहे, तोही इतर औषधांच्या जोडीने. त्यांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीपासून मिळते. अ‍ॅस्परॅजिनेजने अंगावर पित्त उठणे, स्वादुपिंड सुजणे, रक्ताच्या गुठळ्या होणे असे धोके संभवतात. म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. मात्र एके काळी जवळजवळ असाध्य असलेल्या या रोगातून आज प्रगत देशांत शंभरांपैकी सुमारे नव्वद मुले वाचतात.

आता मनातील शल्य सांगतो. माझ्या वर्गातील एक मुलगा फिकट पडला. वारंवार ताप येई, अंगावर निळसर डाग दिसत. मी अशक्तपणा समजून दूध पाजण्यास सांगितले. पुढे मुंबईत निदान झाले, उपचार सुरू झाले आणि दोन महिन्यांत मुलगा हसतखेळत घरी आला. वडिलांनी विचारले, "गुरुजी, पोर बरे दिसते. पुन्हा न्यायलाच हवे का? तिकडे राहायची सोय नाही." मी म्हणालो, "तुम्हीच काय ते ठरवा." त्यांनी नेले नाही. वर्षाच्या आत रोग उलटला आणि मुलगा गेला.

बरे दिसणे म्हणजे बरे होणे नव्हे. लपून राहिलेल्या पेशी नाहीशा करण्यासाठी हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. आज आपणा सर्वांना ठाऊक झाले आहे.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. आपल्या मुंबईच्या वसतिगृहातील दोन खोल्या अशा मुलांच्या आईबापांसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्या देताना जात विचारू नये. ज्या जंतूंनी हे औषध दिले, त्यांनी ती कोणालाच विचारली नाही.