आजीचा राणीछाप रुपया



गोवंडीला आमच्या शेजारी साताऱ्याकडच्या एक आजी राहतात. एका संध्याकाळी पदराच्या गाठीतून राणीछाप रुपया काढून त्या म्हणाल्या, "सर, फोनवरचा माणूस याचे दोन लाख देतो म्हणतो. पण आधी पाच हजार भरायला सांगतोय. नातवाच्या फीचे ठेवलेत ते. भरू का?"

मी म्हटले, "थांबा आजी. आधी किंमत आपणच काढू."

शिक्षकबंधूंनो, हा हिशेब वर्गातही करून घेण्यासारखा आहे. राणीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. तिला त्या दिवशीच्या भावाने गुणले की धातूची किंमत निघते. मात्र हाताळून नाणे झिजते, म्हणून वजन करूनच हिशेब मांडावा. १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तेव्हा साल आधी वाचावे.

पण जुने तितके महाग, असे मात्र नाही हं! आजींच्या रुपयावर १८६२ साल होते. हे साल मुंबईच्या टांकसाळीने १८७४ पर्यंत तसेच ठेवले, त्यामुळे असे रुपये उदंड आहेत. उलट १९३९ चा रुपया वयाने कितीतरी लहान. पण फारच थोडे बाहेर आले, म्हणून संग्राहक त्याला मोठी किंमत देतात.

तिसरी गोष्ट नाण्याची स्थिती. राणीच्या मुकुटावरची आणि वस्त्रावरची नक्षी आधी झिजते. ती जितकी स्पष्ट, तितके मोल अधिक. आजींचा रुपया सासूबाईंच्या माळेतला. त्याला डाख देऊन कडी बसवलेली, शिवाय दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने लख्ख घासलेला! संग्राहकाला असा रुपया नको असतो. तेव्हा उरली ती चांदीचीच किंमत. दोन लाख कुठले?

आणि ते पाच हजार? जुनी नाणी विकून देण्यासाठी आपण कुणाकडूनही शुल्क घेत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच दिला आहे. विकत घेणारा पैसे देतो. तो आधी मागत नाही. आजींनी पैसे भरले नाहीत. नातवाची फी वेळेवर गेली.

तुमच्या घरी असे नाणे असेल तर ते घासू नका. पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपा. विकायचेच असेल तर दोन-तीन ठिकाणी दाखवा. कुणी काय किंमत मागतो हे न पाहता, तसले नाणे प्रत्यक्ष किती रुपयांना विकले गेले ते विचारा. आणि नांगरताना जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

आजींना मी म्हटले, "मोडायचाय का रुपया?"

"चांदीच्याच भावात जायचा, तर राहू दे घरात," असे म्हणून त्यांनी तो पुन्हा पदराला बांधला.