अँबॅसिडरची चुलतबहीण

(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा बोलणाऱ्यांना सक्त ताकीद दिली आहे. नोकरी, बढत्या, मुलांची शिक्षणं आणि गुडघ्यांची ऑपरेशनं यांवर बोलायचं नाही. मनापासून काय करता तेवढंच सांगायचं. मी मनापासून एक जुनी गाडी सांभाळतो, म्हणून तिच्याबद्दल बोलतो.

इंग्लंडमधल्या माझ्या घराच्या गॅरेजमध्ये १९७२ सालची एमजीबी रोडस्टर उभी आहे. दोनच सीट, बुटकी, लांब नाकाची, आणि वर कापडी टप. तो मागे दुमडला की डोक्यावर थेट आभाळ. आपल्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला तेव्हा तासाभरात तीन प्रश्न आले. पहिला, ‘ॲव्हरेज किती देते?’ दुसरा, ‘पाऊस आला तर काय?’ आणि तिसरा, ‘एवढी वर्षं तिकडे राहून एक धड नवी गाडी घेता येत नाही का रे तुला?’ प्रश्न कुणी विचारले ते सांगत नाही, पण तिघंही पुढच्या रांगेत बसून हसताहेत. आज तिन्हींची उत्तरं देतो. चौथा प्रश्न कुणी विचारला नाही, तो माझा मीच स्वतःला विचारतो: ही गाडी मी किती दिवस ठेवायची?

आधी ओळख करून देतो. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. आज आपल्या रस्त्यांवर एमजी हेक्टर दिसते. २०१९ पासून ती गुजरातेत हालोलला बनते. नाव तेच आहे, पण आता ते एका चिनी कंपनीच्या मालकीचं आहे. एमजीबी १९६२ मध्ये आली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात ती बनायची, आणि आपण दहावीला बसलो त्याच वर्षी, १९८० मध्ये, तो कारखाना बंद झाला. तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. म्हणजे ही काही राजेमहाराजांची दुर्मीळ गाडी नव्हे. शिक्षक, कारकून, नुकती नोकरी लागलेली पोरं अशांनी घेतलेली ही गाडी. तिच्या दीर्घायुष्याचं कारण यातच आहे, त्याकडे पुढे येतो.

आणखी एक ओळख. आपल्या लहानपणी तहसीलदार उतरायचे ती अँबॅसिडर, लग्नात झेंडूच्या माळा लावून नवरी आणायची ती अँबॅसिडर, आणि माझी ही स्पोर्ट्‌स कार यांचं घराणं एक. अँबॅसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यातलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ‘बी सिरीज’ या ब्रिटिश इंजिनांच्या कुटुंबातलं. त्याच कुटुंबातलं इंजिन वाढवून १७९८ सीसीचं केलं आणि दोन कार्बोरेटर लावले, ते माझ्या गाडीत आहे. परवा स्टँडजवळच्या जुन्या मेकॅनिककाकांना मी मोबाइलवर माझ्या गाडीच्या इंजिनाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘ही तर आपली अँबॅसिडर! दोन कार्बोरेटर कुठनं आणलेस?’ ॲबिंग्डनचं नावही न ऐकलेल्या माणसानं माझी गाडी एका नजरेत ओळखली.

आता पहिला प्रश्न, ॲव्हरेज. लिटरला नऊ-दहा किलोमीटर. हसा. पण मला पेट्रोल किती लागतं यापेक्षा कोणतं मिळतं याचीच काळजी जास्त. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. माणसांना ते विषारी, पण इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठकांना त्याचा आधार व्हायचा. ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस आणि भारतात २००० साली शिसंवालं पेट्रोल बंद झालं, आणि ते योग्यच झालं. मग जुन्या गाड्यांच्या मालकांनी इंजिनाचं हेड उतरवून कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेतल्या. प्रश्न मिटला. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. इथेनॉलनं जुनं रबर खराब होतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. मी सगळ्या रबरी नळ्या बदलल्या आणि जास्तीत जास्त पाच टक्के इथेनॉल असलेलं महाग पेट्रोल भरतो. इथे तर आता २० टक्क्यांपर्यंत मजल गेली आहे. ज्यांच्या घरी वडिलांची जुनी स्कूटर किंवा जीप अजून आहे त्यांनी घरी गेल्यावर पेट्रोलची नळी बोटांनी चाचपून बघा. मऊ, चिकट किंवा भेगाळलेली वाटली तर त्याच दिवशी बदला. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटते.

दुसरा प्रश्न, पाऊस. टप चढवायला मला दोन-तीन मिनिटं लागतात आणि इंग्लंडचा पाऊस तेवढी वाट बघत नाही. टपाचे नियम आपल्या छत्रीसारखेच. ओला दुमडून ठेवला तर बुरशी येते. कडाक्याच्या थंडीत दुमडला तर मागची प्लास्टिकची खिडकी तडकते. चढवल्यावरही काचेच्या कोपऱ्यातून थेंब गुडघ्यावर पडतोच. तेवढ्याचा राग धरणाऱ्यानं ही गाडी घेऊ नये.

पण वरून पडणाऱ्या पाण्याची मला भीती नाही. भीती खालून लागणाऱ्या गंजाची. खारी हवा सायकलीच्या चिमट्याचं काय करते हे आपल्या गावच्या माणसाला सांगायला नको. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे खारी हवा थेट चाकाखालीच. त्यात हिला छप्पर नाही. झाकण असलेला पत्र्याचा डबा हातात धरून पिळून बघा, पिळला जात नाही. झाकण काढा, लगेच लवतो. छप्पर नसलेल्या गाडीचंही तसंच. तिचा सगळा ताण दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. सिल आतून सडले तरी बाहेरचा रंग चकचकीत दिसू शकतो, पण गाडी मधोमध खचू लागते आणि दार धड लागत नाही.

म्हणून अशी गाडी घेताना मी तीन गोष्टी बघितल्या. जॅकवर उचलल्यावर दाराच्या फटी कमीजास्त होतात का? पायाखालचा गालिचा उचलल्यावर पत्रा कोरडा आहे का? आणि खिशातलं लोहचुंबक सिलला चिकटतं का? चिकटलं नाही तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. पहिल्या दोन गाड्या अशाच निघाल्या, रंगानं देखण्या आणि पोटातून पोकळ. दोन्ही सोडल्या. तिसरी रंगानं फिकी पण पत्र्यानं खणखणीत होती, ती २००६ मध्ये घेतली. दर शरद ऋतूत तिच्या पोकळ्यांत मेणासारखं गंजरोधक सोडतो आणि रस्त्यावर मीठ असेल त्या दिवशी तिला बाहेर काढत नाही.

आता तिसरा प्रश्न. नवी गाडी का नाही? आहे की. रोजच्या वापराला घरी एक साधी छोटी गाडी आहे. तिच्यात बिघाड झाला की एक दिवा लागतो, मग मी तिला नेऊन देतो, ते लॅपटॉप जोडतात आणि बिल देतात. बिघाड काय होता ते मला कधीच कळत नाही.

जुनीचं सगळं हाताला लागतं. पॉइंटची फट पंधरा थाउ, प्लगची पंचवीस, ती फिलर गेजनं मोजायची. कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी काढून तेल आहे का बघायचं. पुढच्या किंगपिनना ग्रीस गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं. ते विसरलात तर किंगपिन झिजतात आणि स्टिअरिंग जड होतं. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा घेतात की नाही हे बघायला एक रबरी नळी लागते, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुसकारा एका पट्टीत आला की झालं. गाणं शिकलेल्यांना हे माझ्यापेक्षा लवकर जमेल.

कार्यानुभवाच्या तासाला सायकलचा हब उघडायला लावून, छर्रे मोजून कागदावर मांडायला लावून, ‘एकही हरवला तर घरी चालत जायचं’ असं सांगणारे आपले सर आज इथे बसले आहेत. सर, उघडताना ज्या क्रमानं काढलं त्या क्रमानं मांडून ठेवायची सवय तुमची. माझ्या गॅरेजमध्ये आजही जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर बोल्ट ओळीनं मांडलेले असतात.

खर्चाचंही सांगतो. चांगल्या अवस्थेतली एमजीबी तिकडे नव्या छोट्या गाडीहून स्वस्तात मिळते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ. दर वर्षीची सक्तीची तपासणीही माफ, पण मी ती करून घेतो, कारण ब्रेक बरे आहेत की नाहीत हे माझ्या प्रेमानं ठरवू नये. हिच्यात एअरबॅग नाही, अँटीलॉक ब्रेक नाहीत. ट्रकचं चाक माझ्या डोळ्यांच्या उंचीला येतं. म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो आणि पाऊस-अंधारात मोटरवेवर जात नाही.

आणि पार्ट? सगळे मिळतात, कारण गाडी साधी होती. पाच लाख बनल्या म्हणून हजारो उरल्या, हजारो उरल्या म्हणून पार्ट बनवणं परवडतं, पार्ट मिळतात म्हणून लोक त्या मोडीत काढत नाहीत. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर तिचा अख्खा नवा सांगाडासुद्धा बनवायला लागले, कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी! अँबॅसिडर २०१४ मध्ये बंद झाली. ती टिकली तर याच कारणानं टिकेल. जी वस्तू खूप हातांना दुरुस्त करता येते ती टिकते. संग्रहालयात ठेवलेली नुसती दिसते.

आनंदाचं थोडक्यात सांगतो, कारण तो सांगून कळत नाही. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. जेवण लवकर आटपून टप मागे टाकायचा आणि खेड्यातल्या अरुंद रस्त्यांनी निघायचं. ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटर म्हणजे खूप वेग वाटतो. कापलेल्या गवताचा वास, गोठ्याचा वास, झाडाखालून जाताना एकदम गार होणारी हवा, सगळं अंगावर येतं. फाटकाशी उभा असलेला शेतकरी हात करतो. बंद गाडीतल्या माणसाला कुणी हात करत नाही.

आता चौथा प्रश्न. मी साठी ओलांडली. थंडीत बोटं आखडतात, लहान नट सुटतो आणि खालच्या सीटवरून उठताना दार धरावं लागतं. ज्या शेजाऱ्यानं मला हे काम शिकवलं तो निवृत्त वेल्डर दोन वर्षांपूर्वी गेला. एमजीबी नवी असताना तिच्यावर हात चालवलेली ती पिढी संपत आली आहे. त्याचं फिलर गेज माझ्याकडे आलं, पण सडलेला सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा टेकू कसा वेल्ड करायचा, म्हणजे गाडी मधे दुमडणार नाही, हे त्याच्या हातात होतं. मी ते बाजूला उभं राहून बघितलं आहे, स्वतः कधी केलेलं नाही.

मुलगी म्हणते, ‘बाबा, हिच्यात विजेची मोटर घालू या.’ तसं करणारे लोक आहेत, आणि धुराबद्दल ती म्हणते त्यात तथ्य आहे. मन म्हणतं नको, कारण मग मेकॅनिककाकांना फोटोत काय ओळखता येईल? पण पुढची पन्नास वर्षं गाडी तिच्याकडे राहणार असेल तर तो निर्णय तिचा. मी तिला एकच अट घातली आहे: आधी आहे ती गाडी कळली पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात तिनं पॉइंटची फट स्वतः लावली, ग्रीस गन चालवली आणि नाकाला काळा डाग लावून घरात आली. या वर्षी आम्ही दोघं वेल्डिंगच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घालतो आहोत. तिला यायला लागेपर्यंत गाडी माझी, असं ठरलं आहे.

एक शेवटचं, गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेलं. जुनी गाडी चालवून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते. ब्रेक चिकटतात, सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं. तिला महिन्यातून एकदा तरी दहा-पंधरा मैल फिरवावं लागतं, काम नसलं तरी. आपण पंचेचाळीस वर्षांनी भेटतो आहोत. काही सांधे आखडले होते, काल संध्याकाळी चहावर पहिला अर्धा तास कुणालाच काय बोलावं सुचत नव्हतं. आता गाडी सुरू झाली आहे तर पुन्हा पंचेचाळीस वर्षं उभी ठेवू नका. महिन्यातून एक फोन करा, काम नसलं तरी.

आणि इंग्लंडला आलात तर जरूर या. मात्र सीट दोनच आहेत, तेव्हा पाळीपाळीनं या आणि टोपी बांधून बसा.