विमानवाहू जहाजाच्या डेकवर आम्ही

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. बोलायला उभा एकच जण असला तरी हे भाषण आम्हा दोघांचे आहे. दुसरा तिकडे खांबाला टेकून बसला आहे. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं काही चुकलं तरी तो टोकणार नाही. आम्ही दोघेही याच गल्लीतले, एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. भरतीच्या रांगेत एकामागे एक उभे राहिलो. ओरिसात, म्हणजे आताच्या ओडिशात, चिल्का येथे खलाशाचे प्रशिक्षण घेतले आणि पुढे कोचीला विमाने हाताळण्याचे शिकलो. तेव्हापासून 'मी' म्हणायची सवयच मोडली. आम्ही 'आम्ही'च म्हणतो.

समितीने विषय दिला हे खरं, पण या भाषणाचं मूळ कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या एक ताई दाराशी आल्या. त्यांची मुलगी बारावी झाली आहे आणि तिने नौदलाचा फॉर्म भरायचा हट्ट धरला आहे. ताई म्हणाल्या, "भाऊ, पोरगी म्हणते विमानाच्या जहाजावर जायचंय. तिथं नेमकं काम काय असतं, आणि जिवाला धोका किती, ते खरंखरं सांगा. गोड करून सांगू नका." दारात उभ्या-उभ्या आम्ही अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं आज सांगतो.

आमच्या नोकरीच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे, देशाकडे विक्रांत आणि विराट अशी दोन विमानवाहू जहाजे होती. त्यांपैकी एकावर आम्ही होतो. कोणत्या ते सांगत नाही, कारण पुढे आमच्याच एका चुकीची गोष्ट यायची आहे. दोन्ही जहाजे आता राहिली नाहीत. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाले. नंतर मुंबईत त्याचे संग्रहालय केले होते, आपल्या वस्तीतले बरेच जण मुलाबाळांना घेऊन पाहून आले असतील. २०१४ मध्ये ते दारूखान्याला तोडले. विराट ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाले आणि २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर गेले. आज विक्रमादित्य आहे आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झालेले नवे विक्रांत आहे.

आता जहाजाच्या वरच्या मजल्यावर चला. त्याला फ्लाइट डेक म्हणतात. मुंबई विमानतळाची मोठी धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. विराटची सगळी लांबी सव्वादोनशे मीटरच्या आसपास, आणि जुने विक्रांत त्याहूनही लहान. एवढ्या जागेत विमाने उभी करायची, त्यांत इंधन भरायचं, दारूगोळा लावायचा, उडवायची आणि परत उतरवून घ्यायची. त्यात जमीन स्थिर नाही, ती झुलते. पाऊस पडला की गुळगुळीत होते. कडेला भिंत नाही, कठडा नाही. खाली एक जाळी बांधलेली असते, तिच्यापलीकडे समुद्र.

आमच्याकडे सी हॅरियर होती. त्यांच्या पोटाला दोन्ही बाजूंना मिळून चार फिरत्या तोट्या. तोट्या मागे वळवल्या की विमान पुढे पळतं, खाली वळवल्या की हवेत उभं राहतं. डेकच्या पुढच्या टोकाला वर चढत गेलेला उतार होता, घसरगुंडी उलटी ठेवल्यासारखा. विमान धावत जाऊन त्या चढावरून हवेत फेकलं जायचं. उतरताना ते जहाजाच्या डाव्या अंगाला येऊन अधांतरी थांबायचं, मग हळूहळू बाजूला सरकत डेकवर यायचं आणि खाली बसायचं. पाहणाऱ्याला मोठी गंमत वाटते. पण त्या तोट्यांतून येणारा गरम झोत माणसाला लोटत नेऊन समुद्रात टाकू शकतो, आणि इंजिनाचं पुढचं तोंड माणसाला आत ओढू शकतं. म्हणून पुढून किती अंतर, मागून किती अंतर, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, असा दंडक होता.

आमचं काम वैमानिकाचं नाही, इंजिनिअरचं नाही. विमान हलवायचं, बांधायचं, सोडायचं. चाकाला पुढून-मागून ठोकळे लावायचे, त्यांना चॉक म्हणतात. विमान डेकवर उभं असलं की ते साखळ्यांनी डेकला जखडलेलं असतं. डेकमध्ये वाटीसारखे खळगे असतात, त्यांत आडवी कांब, तिला साखळीचा हूक. सुटायची वेळ झाली की वाकून आत शिरायचं, साखळ्या काढायच्या, बाहेर यायचं आणि काढलेल्या साखळ्या हातात उंच धरून दाखवायच्या. तिकडून मोजतात. एक कमी भरली तर विमान अजून बांधलेलं आहे असा अर्थ.

आवाज इतका असतो की बोलणं शक्यच नाही. सगळा कारभार हातांच्या खुणांवर, रात्री हातातल्या दिव्यांवर. कोण काय काम करतो ते लांबून कळावं म्हणून अंगात रंगीत कपडे. प्रत्येक नौदलात रंग थोडे वेगळे असतात. अमेरिकेच्या जहाजांवर विमानाला दिशा दाखवणारा पिवळ्यात, चॉक-साखळीवाला निळ्यात, इंधनवाला जांभळ्यात आणि बॉम्ब लावणारा लाल कपड्यात.

आणि आता जी गोष्ट आम्हाला पहिल्या आठवड्यात खरीच वाटली नव्हती ती सांगतो. डोक्यावर दोन हात आडवे धरले की थांब. ही खूण कोणीही करावी. काल आलेल्या पोराने केली तरी सगळं थांबतं. वर बसलेला वैमानिक मोठा साहेब असेल, पण विमानाच्या पोटाखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही, ते खाली उभ्या खलाशाला दिसतं. म्हणून साहेब आमच्या हाताकडे बघायचे. खूण का केलीस, हे नंतर विचारायचं. आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. पुन्हा पुन्हा विचारत होते, तू हात वर केलास आणि साहेब थांबला?

जुने चीफ लोक १९७१ च्या गोष्टी सांगायचे. तेव्हा विक्रांतवर सी हॉक आणि अलिझे विमाने होती. ती वाफेच्या जोरावर फेकली जायची आणि उतरताना शेपटीचा आकडा डेकवरच्या तारेत अडकवून थांबायची. विमान उडायला समोरून वारा लागतो, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवून जोरात पळवायचं. त्या वेळी विक्रांतच्या एका बॉयलरमध्ये दोष होता आणि वेग कमी मिळत होता. तरीही ४ डिसेंबर १९७१ पासून बंगालच्या उपसागरातून विमाने उडाली आणि कॉक्स बाजार, चितगाववर हल्ले झाले. इतिहासात वैमानिकांची नावे आहेत, ती असलीच पाहिजेत. तार ओढणाऱ्यांची फारशी सापडत नाहीत.

आता धोक्याचं. ताई, गोड करत नाही.

२९ जुलै १९६७. व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात फॉरेस्टल नावाचे अमेरिकन जहाज होते. डेकवर विमाने भरून सज्ज, खाली बॉम्ब लटकवलेले. एका विमानातले रॉकेट विजेच्या बिघाडाने आपोआप सुटले आणि समोरच्या विमानाच्या टाकीवर आदळले. इंधन डेकभर पसरले, पेटले. वेळ वाचावा म्हणून रॉकेटच्या सुरक्षेच्या दोन पायऱ्या आधीच उरकून टाकायची सवय पडली होती, असे चौकशीत निघाले. त्यात काही बॉम्ब जुन्या बनावटीचे, आगीत फार वेळ न टिकणारे. आग विझवण्याचे खास शिक्षण घेतलेली तुकडी धावली. तिचा चीफ हातात एक छोटे नळकांडे घेऊन बॉम्ब थंड ठेवायला धडपडत होता. साधारण दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला आणि ती तुकडी जवळजवळ सगळी संपली.

आता पुढे काय झाले ते नीट ऐका. आग विझवायला ज्यांना येत होतं तेच गेले. राहिलेले हजारो जण शूर होते, जिवाची पर्वा न करता नळ्या घेऊन धावले. पण अनेकांना शिकवलेलंच नव्हतं. एक गट फेस मारत होता आणि दुसरा समुद्राचं पाणी मारून तोच फेस धुऊन टाकत होता. पेटतं इंधन पाण्याबरोबर डेकला पडलेल्या भोकांतून खाली झोपायच्या खोल्यांत उतरलं. १३४ जण मेले.

डेकवरच्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं होतं. ते चित्रण अमेरिकेत नौसैनिकांना पुढे कित्येक वर्षे दाखवत आले. त्यानंतर तिथे आग विझवण्याचे शिक्षण प्रत्येक खलाशाला आले, स्वयंपाक्याला आणि कारकुनालाही. आमच्याही वेळी हेच होतं. धुराने भरलेल्या खोलीत ढकलायचे, नळी हातात द्यायची. आम्हा दोघांपैकी एक जण तिथे रडला होता. कोण ते विचारू नका.

आता आमची चूक. डेकवर सर्वांत मोठा वैरी म्हणजे बारीक वस्तू. खिळा, तारेचा तुकडा, वॉशर. इंजिनाने ती ओढून घेतली की आतली पाती तुटतात. म्हणून उड्डाणापूर्वी सगळे खांद्याला खांदा लावून एका रांगेत, मान खाली घालून, डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात आणि दिसेल ते उचलतात. साहेबसुद्धा चालतात.

एका पहाटे अशी फेरी झाली होती. विमाने तयार, वैमानिक चढून बसलेले. तेवढ्यात आमच्यातल्या एकाने खिशाला हात लावला. टॉर्च होती, पण तिची पत्र्याची क्लिप तुटून गेली होती. बोटाच्या पेराएवढी. दुसरा कानाशी येऊन ओरडला, "अरे, खाली मेसमध्ये पडली असेल. गप राहा." आणि खरंच, खाली पडली असण्याचा संभव जास्त होता. सांगितलं तर सगळं थांबणार, सगळ्यांसमोर शोभा होणार. आम्ही दोघेही नवखे, घरी पैसे पाठवायला नुकती सुरुवात केलेली. नोकरीवर गदा आली तर? चार-पाच मिनिटं आम्ही गप्प राहिलो. ती चार-पाच मिनिटं आम्हाला अजून आठवतात. पहिलं इंजिन सुरू झालं, आणि आमच्यातल्या एकाने डोक्यावर हात आडवे धरले.

सगळं थांबलं. इंजिन बंद. चीफ धावत आला, आम्ही सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "कुठे-कुठे फिरलास ते आधी सांग. बाकीचं नंतर." पुन्हा रांग लागली, पुन्हा सगळे मान खाली घालून चालले. वीस-पंचवीस मिनिटं गेली. क्लिप सापडली, साखळीच्या एका खळग्यात, सुरू झालेल्या विमानापासून दहा-बारा पावलांवर.

बाकीचं नंतर झालं. उशीर का केला म्हणून जी बोलणी खाल्ली ती इथे मुलांसमोर सांगण्यासारखी नाहीत. क्लिप पडल्याबद्दल मात्र कोणी बोललं नाही. चीफने ती दोऱ्यात ओवून मेसच्या दाराशी टांगली. वर्षभर तिथे होती, जाता-येता डोक्याला लागायची. नाव लिहिलं नव्हतं. टॉर्च कोणाची होती आणि "गप राहा" कोण म्हणालं, हे आम्ही दोघांनी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

तर ताई, धोका आहे. कान जातात, तो बघा खांबापाशी. आमच्या वेळी कानावरची टोपी घामाने चिकटली की पोरं थोडी सैल करायची, त्याचं हे फळ. तुमच्या मुलीने तसं करू नये. लग्न-मयताला पोहोचता येत नाही. आमच्यातल्या एकाचे वडील गेले तेव्हा तो समुद्रात होता. आणि एक हिशेबाची गोष्ट. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते. मुदत चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवतात. आमच्यासारखी पंधरा वर्षे आणि पेन्शन ही गोष्ट धरून चालू नका. पण त्याच भरतीपासून मुलींनाही खलाशी म्हणून घेऊ लागले, आणि त्यांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये चिल्क्याहूनच बाहेर पडली, आम्ही ज्या मैदानावर धावलो तिथूनच. मोठ्या परीक्षेला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. तुमच्या मुलीकडे दोन्ही आहेत, गुणही बरे आहेत, आम्ही गुणपत्रिका पाहिली. धावणं कमी पडतं. मैदानावर पहाटे साडेपाचला आम्ही असतोच. एक जण शिट्टी वाजवतो, दुसऱ्याला ती ऐकू येत नाही म्हणून तो घड्याळ धरतो. आणखी कोणाची मुलं-मुली येणार असतील तर रविवारी वंदनेनंतर ओट्यावर भेटा, येताना दहावी-बारावीची गुणपत्रिका आणा.

आमचं भाषण इथे संपलं. जय भीम!