मक्याच्या शेतांत सांपडलेली चकती

विमानाचें एंजिन आकाशांत 'एकाएकीं' फुटलें असें आपण म्हणतों. हा शब्द पाहणाऱ्याचा आहे. धातूला तो ठाऊक नाहीं. त्याची तयारी वर्षानुवर्षें चाललेली असते.

ता. 19 जुलै 1989 रोजीं डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेलें डीसी-10 जातीचें विमान 37,000 फुटांवर असतां त्याच्या शेपटींतील जेट एंजिन फुटलें. पुढच्या पंख्याची टायटॅनियमची चकती भंगली व तुकडे कवच भेदून बाहेर पडले. विमान वळविण्याचीं सर्व साधनें तेलाच्या दाबानें हालत. त्याकरितां नळ्यांच्या तीन स्वतंत्र योजना होत्या. परंतु शेपटींत त्या जवळजवळ असल्यामुळें तिन्ही निकामी झाल्या. वैमानिकांनीं उरलेल्या दोन एंजिनांचा जोर कमीअधिक करीत विमान सू सिटीपर्यंत आणलें, ही गोष्ट अद्‌भुतच म्हटली पाहिजे. उतरतांना तें मोडलें. 296 पैकीं 112 माणसें दगावलीं.

चकती सांपडली सुमारें तीन महिन्यांनीं, आयोवांत मक्याची कापणी चालू असतां. खोडावरील वर्तुळांवरून झाडाचें वय सांगावें, तशा तिच्या भंगलेल्या अंगावरील सूक्ष्म रेषा तज्ज्ञांनीं मोजल्या. चकतीनें केलेलीं उड्डाणें 15,503. रेषांची संख्या जवळजवळ तितकीच! म्हणजे तडा अगदीं आरंभापासून वाढत होता. 1971 सालीं धातु वितळवितांना त्यांत नायट्रोजनचा अंश अधिक होऊन एक ठिसूळ कण राहिला होता. तो मधल्या भोंकाच्या पृष्ठभागीं आला, तेथें बारीक खळगा पडला आणि प्रत्येक उड्डाणाच्या ताणानें भेग पुढें सरकली.

मग तपासणींत ती दिसली कशी नाहीं? चकतीस चकाकणारा द्रव लावून विशिष्ट प्रकाशांत पाहतात. भेगेंत शिरलेला द्रव उजळतो. एप्रिल 1988 मध्यें ही परीक्षा झाली, तेव्हां भेग सुमारें अर्धा इंच लांब असावी. चौकशी मंडळानें दोष केवळ त्या तपासनिसावर न ठेवतां, मनुष्याच्या दृष्टीच्या व लक्षाच्या मर्यादा ध्यानांत न घेणाऱ्या तपासणीपद्धतीवर ठेवला. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. शंभर उत्तरपत्रिका निर्दोष निघाल्यावर एकशें एकावी कोण त्याच डोळ्यानें पाहतो?

ही धातु निर्वात भट्टींत दोनदां वितळविलेली होती. पुढें ती तीनदां वितळविण्याची रीत आली. पण जुन्या रीतीची ही चकती उडतच राहिली.