सायकलवरून पाहिलेले बंदर



प्रवासावर बोलणारे वक्ते सहसा हिमालयाचे, नाही तर परदेशाचे वर्णन करतात. आम्ही मुंबईचे करणार आहोत, आणि तेही सायकलवरून पाहिलेल्या मुंबईचे. तेव्हा अपेक्षा बेतानेच ठेवावी ही विनंती. आमची शाळा सातवीला सुटली; पुढचे शिक्षण हमालांच्या संगतीत आणि उसन्या पुस्तकांतून झाले.

तीस वर्षे दुसऱ्यांच्या सुट्टीसाठी भांडलो. स्वतः चार दिवसांची सुट्टी गेल्या माघात पहिल्यांदा घेतली. निमित्त झाले एका म्हाताऱ्या हमालाचे. जिल्ह्यातल्या एका बाजारात त्याने जन्म काढला. एक दिवस विडी विझवीत तो म्हणाला, "भाऊ, आपून उचलतो थे गाठ जाते तरी कुठी?" आम्ही म्हणालो, "मुंबईला." तो म्हणाला, "मुंबईत कुठी?" आता आली का पंचाईत! मोर्चांच्या निमित्ताने मुंबईला आम्ही पुष्कळदा गेलो. पण मैदान आणि स्टेशन यांपलीकडे काही पाहिले नव्हते.

अकोल्याहून रात्रीची गाडी धरली आणि लालबागला भाच्याकडे उतरलो. त्याची जुनी सायकल मागितली, तर तो म्हणाला, "मामा, या वयात? या गर्दीत?" पण रविवारी पहाटे मुंबईचे रस्ते पाववाल्यांचे असतात. सायकलच्या मागे पावाची भली मोठी टोपली बांधून ती माणसे बिनघोर जातात. त्यांच्या मागोमाग आम्हीही निघालो. रविवार म्हटल्यावर नारायण मेघाजी लोखंडे आठवणारच. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्यांच्याच सुट्टीवर आम्ही सायकल चालवीत होतो म्हणा ना!

लालबागपासून जवळच कॉटन ग्रीन. हे नाव कसे आले? पूर्वी कोटात, पुढे कुलाब्याला, मोकळ्या हिरवळीवर कापसाचे ढीग पडत. जागा पुरेना, तेव्हा बाजार शिवडीच्या बाजूला भरावाच्या जमिनीवर आणला. बाजार हलला तरी नाव टिकले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि मँचेस्टरची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार कायद्याने बांधला गेला. देशातली नियंत्रित बाजारपेठ म्हणून त्याचे नाव पहिले घेतात. कारंज्यावरून जाणारी आपली शकुंतला याच कापसासाठी होती. आज जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा आहे, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. पण कॉटन ग्रीनच्या गोदामांसमोर सायकल उभी केली, तेव्हा घरचेच कोणी भेटावे तसे वाटले.

शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी होते. डोक्यावरून अटल सेतू निघतो, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, जवळजवळ बावीस किलोमीटरचा. त्यावर सायकलीला मज्जाव आहे. आम्ही सायकल वळवून दक्षिणेला आलो. रे रोडच्या बाजूला दारूखान्यात जहाजे मोडतात, तिथे मागचे चाक पंक्चर झाले. पुढे भाऊचा धक्का, १८४१ चा. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य.

तिथून सुरू होतो पी. डिमेलो रस्ता. पूर्वी तो फ्रियर रोड होता. आता त्याला गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचे नाव आहे. या रस्त्याची गंमत अशी की बंदर शेजारी असून दिसत नाही. दिसते ती भिंत. भिंतीला दरवाजे आणि दरवाजांना रंगांची नावे: यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट. अक्षर न कळणाऱ्या मजुरालाही रंग कळतो, असे कोणी योजले असेल तर शहाणाच म्हणावा. पास नसल्याने पहारेकऱ्याने आम्हांला परत फिरवले. ते त्याचे कामच आहे.

याच भिंतीआड, व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज फुटले. पोटात दारूगोळा, आणि त्याच्याबरोबर कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी! आधी कापूस पेटला. आग विझवताना ६६ जवान गेले. भायखळ्याला त्यांचे स्मारक आहे आणि १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. एकूण मेले किती? कोणी आठशे म्हणतो, कोणी तेराशेच्या वर. हा फरक का पडावा? जवान हजेरीपटावर होते, म्हणून ६६ म्हणजे ६६. गोदीतला मजूर रोजाने उभा राही. त्याची नोंद नव्हती. निदान आम्ही तरी या फरकाचा अर्थ असाच लावतो. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा झाला १९४८ साली.

आणि गाठ? १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले होते. गाठ हरवली तर कोणत्या प्रेसची, कितवी, हे सांगता येई.

बॅलार्ड पिअरवरून ससून गोदीत पोहोचलो तेव्हा उन्हे चढली होती. कोळणींचा लिलाव आटोपत आला होता. १८७५ ची ही गोदी; इथे अजून माणसाच्या हाताला काम आहे. मोठा माल मात्र समोरच्या किनाऱ्यावर, १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात गेला. तिथे गाठ डब्यात येते आणि डबा यारी उचलते.

परत आल्यावर म्हाताऱ्याला सारे सांगितले. त्याने विचारले ते एवढेच, "थितल्या हमालाचं नाव लिहेल असते का?" आम्ही म्हणालो, "झगडून लिहून घेतले." आपल्याकडेही १९६९ पासून माथाडी कायदा आहे, पण त्याच्या बाजारात निम्मे हात अजून मुकादमाच्या तोंडी हिशोबावर चालतात.

दुसऱ्या सोमवारी आम्ही नवी वही नेली. पहिले नाव त्याचेच घेतले. पूर्ण नाव विचारले तेव्हा तो क्षणभर थांबला, मग वडिलांचे आणि आडनाव सावकाश सांगू लागला. आम्ही लिहीत होतो आणि मनात खजील होत होतो. कारण तीस वर्षे आम्हीही त्याला मुकादमाने पाडलेल्या टोपणनावानेच हाक मारीत आलो होतो.