भांडी धुण्याचे यंत्र : दुरुस्त करावे की बदलावे?

अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रन या कर्तबगार स्त्रीने १८८६ साली ज्याचे पेटंट मिळवले, त्या भांडी धुण्याच्या यंत्रातील पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचे तत्त्व आजही कायम आहे. परंतु यंत्रावर हुकमत चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड ओलावा आणि विजेचा चढउतार यांनी बाधित होतो, आणि त्याची किंमत ऐकून गृहस्थ संपूर्ण यंत्रच बदलण्यास प्रवृत्त होतो. तत्पूर्वी तळाची जाळी, फवारणीच्या पात्यांची छिद्रे आणि सांडपाण्याची नळी अवश्य तपासावी, कारण निकामी ठरवलेल्या यंत्राचा दोष पुष्कळदा तेथे साचलेल्या खरकट्यातच असतो. बोअरवेलचे जड पाणी असेल, तर यंत्रासाठीचे खास मीठ वेळच्या वेळी भरावे. स्वयंपाकाचे मीठ तेथे सर्वथा वर्ज्य.

नवे यंत्र घेताना धुलाईच्या नानाविध प्रकारांना भुलू नये. माझ्या मते खरी कसोटी सुट्या भागांची आहे. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून असे बंधन घातले आहे की, यंत्राच्या एखाद्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही मोटर, पंप यांसारखे भाग किमान ७ वर्षे आणि दाराचे रबर, जाळ्या, फवारणीची पाती किमान १० वर्षे उपलब्ध असावीत. आपल्या शहरातील सेवाकेंद्रात तशी तजवीज आहे काय, याची लेखी खातरजमा करून मगच रक्कम अदा करावी.