सातवा मज्जातंतु

मेंदूशीं थेट जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. पैकीं सातवी चेहरा हालविते. चार्लस बेल यांनीं १८२१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें तिच्यावर निबंध मांडला. कानाजवळच्या हाडांतील अरुंद बोगद्यांतून हा तंतु जातो. तेथें तो सुजला कीं अर्धा चेहरा लुळा पडतो. घरांत मात्र ‘वारें गेलें’ म्हणून तेल चोळणें सुरू!

कपाळाच्या स्नायूंस मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा पोंचते. म्हणून मेंदूंतील पक्षाघातांत भुंवई बहुधा उचलतां येते, येथें ती उचलत नाहीं. तथापि निवाडा डॉक्टरांचा. तोंड वांकडें दिसतांच रुग्णालय गांठावें. तंतूच्या या सुजेवर स्टेरॉइड ७२ तासांच्या आंत सुरू व्हावें लागतें. शिवाय न मिटणारा डोळा रात्रीं झांकावा. बुबुळ कोरडें पडून त्यावर व्रण होतो.